सासऱ्यांच्या ‘चेरोकी आजी’चा शोध: पैसे देऊन वंशावळ काढून घेतली त्याचा रिव्ह्यू (५ पैकी ४)

आधीच सांगून टाकते, ७२० डॉलर मोजून आम्हाला ‘नाही’ हे उत्तर मिळालं, आणि तरीही मी चार स्टार देतेय. एक का कापला ते पुढे येईलच.

झालं असं की नवरा माझा अमेरिकन, सासरे अलाबामातले, आणि त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या एक गोष्ट चालत आलीय की आपल्यात चेरोकी, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूळ जमातीचं, रक्त आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच थँक्सगिव्हिंगला सासऱ्यांनी मला स्वतःच्या गालाची हाडं दाखवून ती सांगितली. त्यांच्या पणजोबांची आजी म्हणे चेरोकी होती, १८३८ मध्ये अमेरिकन सैन्य सगळ्या चेरोकींना त्यांच्या जमिनीवरून पश्चिमेला हाकलायला आलं तेव्हा ती डोंगरात लपली, मग एका गोऱ्या शेतकऱ्याशी लग्न केलं आणि भीतीपोटी कधी कुठे नाव नोंदवलं नाही. मला ही गोष्ट जाम आवडलेली, मी स्वतः ती चार ठिकाणी रंगवून सांगितलीय, कबूल करते. नंतर कळलं की त्या भागात अशी चेरोकी आजी घरोघरी असते. काही घरांत तर तिचं प्रमोशन होऊन ती प्रिन्सेस झालेली असते, आता चेरोकींमध्ये राजा-राणी हा प्रकारच नव्हता हे कोण सांगणार.

मग एका फादर्स डेला नवऱ्याने त्यांना डीएनए किट दिलं. थुंकी भरून पाठवली, रिपोर्ट आला, मूळ अमेरिकन शून्य टक्के. सासरे म्हणाले मशीन चुकलंय. नवरा इरेला पेटला, एका पैसेवाल्या वंशावळीच्या साइटवर खातं काढलं आणि तिथल्या ऑटोमॅटिक सूचनेत त्याला डॉज रोलवर (चेरोकी वगैरे जमातींच्या लोकांची जुनी सरकारी यादी) सासऱ्यांच्या पणजोबांच्या नावाचा माणूस सापडला! रात्री अकरा वाजता वडिलांना फोन. पुढचे आठ दिवस घरात दिवाळी.

या सगळ्यात मी म्हटलं एकदाचं ज्याला यातलं कळतं अशा माणसाला विचारू. दक्षिणेकडच्या कुटुंबांच्या नोंदी आणि चेरोकी रोल हेच काम करणारी एक बाई मिळाली, एकटीच काम करते, ताशी ६० डॉलर, कमीत कमी १२ तास. नाव इथे लिहीत नाही कारण खाली तक्रारही आहे.

पहिल्या कॉलमध्ये तिने एकच प्रश्न विचारला, तुम्हाला जमातीचं नागरिकत्व हवंय की फक्त खरं काय ते हवंय? आम्ही गोंधळलो. मग तिने समजावलं ते असं. चेरोकींच्या संघीय मान्यता असलेल्या जमाती तीन आहेत. ओक्लाहोमात टालेक्वाला चेरोकी नेशन, तिथेच युनायटेड कीटूवा बँड, आणि नॉर्थ कॅरोलायनात ईस्टर्न बँड. तिघांचे नियम वेगळे. चेरोकी नेशनला रक्ताचं प्रमाण लागत नाही पण डॉज रोलवर थेट पूर्वज दाखवावा लागतो, ईस्टर्न बँडला १९२४ च्या बेकर रोलवरचा पूर्वज आणि वर किमान एक सोळांश रक्त, कीटूवाला एक चतुर्थांश. डीएनए रिपोर्ट कुणीच धरत नाही. म्हणजे रक्त किती, गालाची हाडं कशी, केस किती काळे याला काही अर्थ नाही, कागद दाखवा. मला तर हे ऐकून एकदम घरच्यासारखं वाटलं, आपल्याकडे नाशिकला गुरुजींच्या वह्यांत पणजोबांची सही सापडली की विषय संपतो तसंच.

सासऱ्यांनी विचारलं, पण ते लपले होते, नोंद कशी असेल? इथे बाई जरा कडक झाली. म्हणाली चेरोकींइतक्या याद्या फार कमी लोकांच्या झाल्या असतील. १८१७ पासून सुरू होतात. १८३५ ला हकालपट्टीच्या आधी घराघरात जाऊन मोजणी केली, त्यात साडेसोळा हजार चेरोकी आहेत, अलाबामातलेसुद्धा. जे मागे राहिले त्यांच्यासाठी १८४८ चा मलेचा रोल, १८५१ चा सायलरचा, १८५२ चा चॅपमनचा. पुढे हेस्टरचा. एखाद्या यादीत नाव सुटू शकतं, पण ती आजी, तिचे भाऊ, तिची मुलं, सगळेच सगळ्या याद्यांतून सुटले असं होत नाही.

डीएनएबद्दल मात्र तिने सासऱ्यांचीच बाजू घेतली थोडी. पणजोबांची आजी म्हणजे सासऱ्यांपासून पाच पिढ्या मागे, तिथून सरासरी एक बत्तीसांश येतो, ३ टक्क्यांच्या आसपास, आणि ती स्वतः अर्धी वगैरे असेल तर काहीच न दिसणं सहज शक्य आहे. आणि दिसलं असतं तरी जमात कुठली हे त्यातून कळत नाही. शून्यावरून ‘नाही’ म्हणता येत नाही, ते कागदावरूनच म्हणावं लागेल. आठवतंय ना २०१८ मध्ये सिनेटर एलिझाबेथ वॉरननी डीएनएचा निकाल जाहीर केला होता आणि चेरोकी नेशनने जाहीरपणे झापलं होतं, तेच कारण.

आता नवऱ्याचा डॉज रोलवाला शोध. हा तिने दहा मिनिटांत निकालात काढला, आणि हे ज्यांना स्वतः शोधायचंय त्यांनी नीट वाचा. डॉज कमिशन १८९३ चं, नावनोंदणी १८९८ ते १९०६ च्या दरम्यानची, आणि नाव चढायला तुम्ही तिकडे इंडियन टेरिटरीत राहत असायला हवं, म्हणजे आताच्या ओक्लाहोमात. अलाबामात राहिलेला माणूस चेरोकी असला तरी त्या यादीत येत नाही. रोलवर फक्त नाव-वय दिसतं, खरा माल असतो तो नोंदणीच्या कार्डावर. त्यावर पोस्ट ऑफिस, आईवडिलांची नावं, आणि १८८० च्या चेरोकी यादीत हाच माणूस कुठे आहे तो संदर्भ. त्या कार्डावरचा माणूस आमच्या पणजोबांपेक्षा अकरा वर्षांनी मोठा, आई वेगळी, पोस्ट ऑफिस टेरिटरीतलं. आणि आमचे पणजोबा १९०० च्या जनगणनेत अलाबामातल्या डिकाल्ब काउंटीत शेती करतायत, बायको आणि चार मुलांसह. नाव सारखं, माणूस वेगळा. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झालेला. (डॉजची यादी ओक्लाहोमा हिस्टॉरिकल सोसायटीच्या साइटवर फुकट शोधता येते, नुसतं नाव बघायला कुठे पैसे भरू नका.)

पण मग तिने जे काढलं ना, त्यासाठी चार स्टार.

१९०६ मध्ये कोर्टाने निकाल दिला होता की ईस्टर्न चेरोकींना जुन्या करारांच्या उल्लंघनाबद्दल दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम द्यायची. ती कुणाकुणाला द्यायची हे ठरवायला मिलर नावाचे कमिशनर नेमले. पैसे मिळणार म्हटल्यावर ४५,००० हून जास्त अर्ज आले, आणि १९०९ ला यादी झाली तेव्हा पात्र ठरलेली माणसं ३०,००० च्या आसपास. हजारो अर्ज नाकारले गेले पण फेकले नाहीत, सगळे नॅशनल आर्काइव्हजच्या मायक्रोफिल्मवर आहेत. आणि त्यात आमच्या पणजोबांचा अर्ज!

मी तो पीडीएफ चार-पाच वेळा वाचलाय. छापील फॉर्म, शाईने भरलेला, १९०७ चा उन्हाळा. इंग्लिश नाव, त्याखाली ‘इंडियन नाव’, तिथे नुसती आडवी रेघ. (घरात इंडियन नाव असलेली मी एकटीच आहे असा पाचकळ जोक मी मारला, कोणी हसलं नाही.) मग आईवडील, भावंडं, आजी-आजोबा, काका-आत्या, सगळ्यांची नावं आणि जन्म, म्हणजे वंशावळवाल्यांना लॉटरीच, अर्ज मंजूर असो की नामंजूर. आजीचं नाव लिहिलंय, जन्म कुठे, ‘माहीत नाही’. आधी कधी कुठल्या यादीत नाव होतं का, ‘नाही’. शेवटी शेऱ्याच्या जागेत दोन ओळी, की वडील सांगायचे आजी अर्धी चेरोकी होती. खाली सही, थरथरती, आणि शेजारच्या दोघांची साक्ष. वर दुसऱ्या अक्षरात निकाल, नामंजूर, पूर्वज कुठल्या यादीत नाहीत, जमातीसोबत कधी राहिले नाहीत.

म्हणजे १९०७ मध्येसुद्धा ती ऐकीव गोष्टच होती! डोंगरात लपण्याचा भाग अर्जात कुठेच नाही, तो नंतर कुणीतरी लावलाय.

तिथेही ती थांबली नाही. १८५० ची जनगणना काढली. घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि जन्मस्थान लिहिलेली ही पहिली, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असायचं. डिकाल्ब काउंटीतच ते घर सापडलं. आजी वय ३५, जन्म साउथ कॅरोलायना. वर्णाचा रकाना कोरा, आणि त्या साली गोऱ्यांसाठी तो कोराच ठेवायची सूचना होती. थोरली मुलगी १२ वर्षांची, जन्म साउथ कॅरोलायना. धाकटा मुलगा, म्हणजे अर्जदाराचे वडील, ९ वर्षांचा, जन्म अलाबामा. तिने रिपोर्टमध्ये या दोन वयांना पिवळा हायलाइट करून शेजारी एवढंच लिहिलं होतं: कुटुंब १८३८ ते १८४१ च्या दरम्यान इथे आलं.

मला आधी लक्षातच आलं नाही. नवऱ्याने नकाशा उघडला. डिकाल्ब काउंटी ही १८३५ च्या न्यू एकोटा करारापर्यंत चेरोकींची जमीन. १८३८ मध्ये त्यांना गोळा करून ठेवायला सैन्याने जिथे तळ बांधला ते फोर्ट पेन याच काउंटीत. तिथून लोकांना पश्चिमेला चालवत नेलं, सगळे मिळून सोळा हजारांच्या आसपास, त्यातले ४,००० वाटेत नाहीतर छावण्यांत मेले असा अंदाज सांगतात. आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्या रिकाम्या केलेल्या जमिनीवर साउथ कॅरोलायनातून शेती करायला आले ते हे आमचे.

रिपोर्टमध्ये याच्यावर एक शब्द जास्तीचा नाही. आवडलं मला ते.

आता तक्रारी. सहा आठवडे सांगितलेले, लागले चार महिने, मधले पाच आठवडे ईमेलला उत्तरच नाही, मी तर पैसे बुडाले धरून चालले होते. दुसरं म्हणजे बिलात कॉपींचे वेगळे ८५ डॉलर लावले, आणि त्यातली निम्मी पानं जनगणनेची, जी फॅमिलीसर्चवर फुकट खातं काढून कुणीही डाउनलोड करू शकतं. विचारल्यावर म्हणाली पॉलिसी आहे. असेल, पण आधी सांगायचं ना बाई. एक स्टार तिथे गेला. रिपोर्ट ३१ पानी आहे, भाषा सोपी, प्रत्येक वाक्याला कुठला कागद ते दिलंय, आणि ‘सिद्ध झालं’, ‘शक्य आहे’, ‘पुरावा नाही’ हे तीन शब्द तिने कुठेही एकमेकांत मिसळू दिले नाहीत.

घ्यावी का ही सर्व्हिस? घरची नावं १९०० पर्यंत स्वतः मागे नेता येत असतील तर तेवढं करून मगच जा, आमचे पहिले चार तास आजी-आजोबांची लग्नं शोधण्यात गेले आणि ते नवऱ्याला जमलं असतं. आणि मागे जायचं ते आपल्यापासून एकेक पिढी, एखादा चेरोकी माणूस पकडून त्याला घरापर्यंत ओढत आणायचं नाही. ज्यांना कार्ड मिळेल, स्कॉलरशिप मिळेल म्हणून करायचंय त्यांनी आधी त्या जमातीच्या नोंदणी ऑफिसचे नियम वाचा, ते फुकट आहेत.

सासऱ्यांना प्रिंट काढून दिली. त्यांनी रविवारी सगळी वाचली, चष्मा काढून बराच वेळ बसले, काही बोलले नाहीत. मग म्हणाले पणजोबांचं अक्षर मी कधी बघितलं नव्हतं. सहीचं पान तेवढं मोठं करून पाहिजे होतं त्यांना, तर ते स्कॅन अंधुक येतंय, चांगली कॉपी बाईकडे मागितलीय. बघू आता त्याचे किती लावते.