पत्त्यांच्या खेळाचा नमुना कॅट: शालिमारजवळच्या डिजिटल प्रेसचं काम कसं आहे?

स्वतः रचलेल्या खेळाचा नमुना कॅट छापायला नाशिकबाहेर फाइल पाठवायची गरज नाही. शालिमारजवळच्या या प्रेसची छपाई उत्तम आहे. कटिंग मात्र समोर उभं राहून करून घ्या.

शीट १२ × १८ इंचांचं. ६३ × ८८ मिमीच्या पानाला चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापल्यावर पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर वाढवलेली छपाई) दिलं की ते ६९ × ९४ होतं आणि सहा-सहाच्या तीन रांगा, म्हणजे १८ पानं बसतात. ५४ पानांचा कॅट बरोबर ३ शीटांत उरकतो. पंचावन्नावं पान घातलंत तर चौथ्या शीटचा पूर्ण भाव पडतो, म्हणून खेळ रचतानाच १८ च्या पटीत विचार करा. नियम अजून बदलत असतील तर इथे यायची घाईच करू नका. साध्या कागदावर छापा, कापा आणि स्लीव्हमध्ये, म्हणजे पत्त्याच्या पारदर्शक प्लास्टिक पाकिटात, जुन्या पत्त्यापुढे सरकवा.

कागद ३०० जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आर्ट कार्ड, म्हणजे गुळगुळीत लेपाचा जाड कागद, मिळतो. मॅट लॅमिनेशन दोन्ही बाजूंना सांगा. एकाच बाजूला केलं तर पावसाळ्यात उघडी बाजू ओल धरून फुगते आणि पान लॅमिनेशनच्या बाजूला वळतं. पत्त्यांच्या खास कागदात असतो तसा मधला काळा किंवा निळा थर आर्ट कार्डात नसतो, त्यामुळे उजेडापुढे धरलं की आरपार अंदाज येतो. पाठीला गडद, दाट नक्षी हाच त्यावर उपाय. पाठीवर बारीक किनार तर नकोच, कारण पुढची-मागची छपाई एखादा मिमी सरकते आणि किनार लगेच वाकडी दिसते.

आता कटिंग. लॅमिनेशन गुळगुळीत असतं. जाड थप्पी एकदम ब्लेडखाली गेली की शीटं घसरतात आणि वरची-खालची पानं सारख्या मापाची निघत नाहीत. अर्ध्या मिमीचा फरकही पिसताना बोटाला लागतो, आणि पाठीवरून पान ओळखू आलं की खेळात राम उरत नाही. एका वेळी पाच-सहाच शीटं घ्यायला सांगा. सांगितलं की ऐकतात, न सांगता करत नाहीत. ३ मिमीचं कॉर्नर कटिंग हाताच्या मशीनवर होतं. ब्लेड बोथट असेल तर कोपऱ्यावर फिल्म सुटते, म्हणून पहिली दोन-चार पानं नखाने तपासा.

फाइल पीडीएफच द्या आणि अक्षरं आधी कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या रेखाकृतींत, बदला. नाहीतर दुसऱ्या संगणकावर फॉन्ट बदलतो आणि ‘दुर्ग’चा रफार सुटून ‘दुर् ग’ छापला जातो. देवनागरी ९ पॉइंटच्या खाली नेऊ नका. काळ्यावर पांढरी अक्षरं असतील तर १० पॉइंट आणि जाड, कारण टोनर पसरून मात्रा बुजतात. बारीक काळा मजकूर फक्त ‘के १००’मध्ये, म्हणजे इतर रंग न मिसळता निव्वळ काळ्यात, ठेवा.

सावंतवाडीच्या गंजिफेसारखी गोल पानं हवी असतील तर डाय (त्या आकारात कापणारा साचा) बाहेरून बनवून घ्यावी लागते; दोन-चार कॅटांसाठी तो खर्च परवडत नाही.

रोलप्लेइंग खेळाची (ज्यात खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो) पात्रपत्रकं, म्हणजे पात्राची माहिती पेन्सिलने लिहायचे कागद, इथे छापायची तर १०० जीएसएम मॅपलिथो (लेप नसलेला लिहिण्याजोगा कागद) आवर्जून मागा. एरवी आर्ट पेपर लावतात. त्यावर पेन्सिल नीट उमटत नाही आणि खोडलं की डाग पसरतो.