रविवार रात्री 9:34 आणि 'साइट अंडर मेंटेनन्स'

पाचपैकी अडीच स्टार. साइटचं नाव मुद्दाम टाकत नाही, जुनी नाणी ऑनलाइन लिलावात विकणाऱ्यांना कळेल कुठली ते. दोन वर्षं झाली इथे विकतोय, दोनशेच्या वर लॉट (म्हणजे एकत्र विकायला ठेवलेलं एक नाणं किंवा नाण्यांचा संच) गेले असतील, पेमेंट वेळेवर येतं, कमिशन परवडतं आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक नाण्यांतलं आहे, सहाव्या जॉर्जचा 1945 चा रुपया निम्म्याच चांदीचा का आणि 1947 चा चुंबकाला का चिकटतो हे कुणाला समजावत बसावं लागत नाही. मग स्टार कुठे कापले? मेंटेनन्समध्ये.

आता जे लिलावात विकत नाहीत त्यांना वाटेल, दोन तास साइट बंद राहिली तर काय एवढं, नंतर बघतील लोक. तसं नसतं हो. सात दिवसांचा लिलाव ज्या मिनिटाला लावला त्याच मिनिटाला सात दिवसांनी संपतो, म्हणून आम्ही रविवारी रात्री नऊलाच लावायला बसतो, तेव्हा लोकांची जेवणं उरकलेली असतात, हातात मोबाईल असतो. प्रत्येक लॉटमध्ये दोन मिनिटांचं अंतर सोडतो, म्हणजे एक हुकला की माणूस पुढच्यावर येतो. सहा दिवस बहुतेक जण नुसतं वॉचला टाकून ठेवतात, खरी बोली पडते शेवटच्या मिनिटात, आणि त्यात चूक काही नाही, घेताना मीपण तेच करतो, आधीच भाव कशाला चढवा. म्हणजे सात दिवसांची सगळी कमाई त्या शेवटच्या मिनिटात.

तर झालं असं. शनिवारी रात्री मेल आला, उद्या 10 ते 12 मेंटेनन्स. माझे वीस लॉट 9 ते 9:40 मध्ये संपणार, म्हटलं सुटलो. पण साडेनऊलाच साइट आचके द्यायला लागली, पान उघडायचं पण लॉगिन होईना, लॉगिन झालं तर बोली लागेना, आणि व्हॉट्सॲपवर नेहमीच्या दोघांचे मेसेज, 'दादा बिड लागत नाहीये, बघा ना जरा'. मी काय बघणार, माझ्याच मोबाईलवर चक्र फिरतंय. घड्याळ मात्र चालू! 9:34 ला अकरा दुदांडी शिवराईंचा, म्हणजे मराठा काळातल्या तांब्याच्या नाण्यांचा, लॉट 310 रुपयांत संपला, जो एरवी आठशेच्या खाली जात नाही. ज्याने बुधवारीच बोली लावून ठेवली होती त्याला मिळाला, आणि त्या भल्या माणसाने वर मला फाइव्ह स्टार दिले, 'व्हेरी रिझनेबल सेलर' म्हणून. असणारच की.

साडेनऊनंतरच्या एकाच लॉटला बरा भाव आला, कारण त्यावर दोघांनी आधीच कमाल रक्कम टाकून ठेवली होती आणि ऑटो बिडने आपापसात भाव वर नेला होता. बाकीचे पडले ते पडलेच, नियमाप्रमाणे माल पाठवावा लागतो, नाही पाठवला तर रेटिंग आपलं जातं. कस्टमर केअरला स्क्रीनशॉटसकट लिहिलं, चार दिवसांनी उत्तर आलं, 'मेंटेनन्सची पूर्वसूचना देण्यात आली होती'. अरे पण दहाची दिली होती ना! दोनदा भांडल्यावर त्या लॉटचं कमिशन क्रेडिट म्हणून जमा केलं, म्हणजे 310 वरचं. चहाचे पैसे सुटले.

दुखणं नवीन नाहीये हे. जून 1999 मध्ये ईबे ही अमेरिकेतली लिलाव साइट जवळपास 22 तास बंद पडली होती, तेव्हा त्यांनी विक्रेत्यांना फी परत केली, त्यात तीस ते पन्नास लाख डॉलर गेले, आणि शेअर आपटला तो वेगळाच. पुढे त्यांचा ठरलेला मेंटेनन्स शुक्रवारी, कॅलिफोर्नियात लोक गाढ झोपलेले असताना असायचा, अर्थात आपल्याकडे तेव्हा भर दुपार. पण वार ठरलेला, त्यामुळे शुक्रवार टाळून लिलाव लावता यायचा. मी या धंद्यात बाझी डॉट कॉम या आपल्याकडच्या लिलाव साइटच्या काळापासून आहे, 2004 मध्ये ईबेने ती घेतली आणि 2018 मध्ये ईबे इंडिया बंदच झाली, त्यामुळे आता पर्याय फार नाहीत हेही खरं.

आणि उपाय काही रॉकेट सायन्स नाही. साइट बंद तर घड्याळपण बंद, नाहीतर त्या वेळेत संपणारे लॉट सरळ 24 तास पुढे ढकला. काही नाण्यांच्या लिलावांत शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ आपोआप काही मिनिटं वाढते, तेवढं केलं तरी थोडाफार फरक पडेल. बरं, मेंटेनन्स करायचाच तर मंगळवारी पहाटे चारला करा की, रविवारी रात्रीचा हट्ट कशाला?

सध्या मी लॉट गुरुवारी रात्री आठला लावतोय, भाव थोडा कमी येतो पण झोप लागते. सहाव्या जॉर्जचा 1939 चा दुर्मिळ रुपया कधी हाताला लागलाच तर इथे लिलावात नाही टाकणार, फिक्स रेटला लावीन. नेहमीच्या लोकांना सांगून ठेवलंय, पाहिजे असेल तर बुधवारीच कमाल रक्कम टाकून ठेवा. ऐकत कुणी नाही.