देणगी, काम की खोली? सोलापुरातल्या कारखानदाराने काय निवडावं

बेघर तरुणांसाठी काही करायचं मनात आहे, पण हातातला पैसा मोजका आहे, असा अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतला मालक बहुधा देणगीने सुरुवात करतो. सोपी वाट ती. कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर गेला की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर, खर्च करणं बंधनकारकच आहे. लहान टॉवेल कारखान्याला तसा दट्ट्या नाही. पण देणगीची ब्लँकेटं होतात, फोटो निघतात आणि पोरगं पुन्हा स्टेशनवर. द्यायचीच तर संस्थेला वर्षभराच्या खोलीभाड्यासाठी द्या.

काम देणं त्याहून बरं. ३० किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार कायद्यानेच घ्यावे लागतात, म्हणजे जागा आहेच. ती कुणाला द्यायची एवढंच ठरवायचं. विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. अडचण वेगळी आहे. शिलाई मशीनवर हात बसेपर्यंत त्या पैशात भाडं आणि मेस दोन्ही भागत नाही. रात्री झोप नाही म्हणून सकाळच्या पाळीला दांडी, दांड्या वाढल्या म्हणून काम गेलं.

म्हणून माझा कौल खोलीला. कुंभारीच्या रे नगरात जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना १५,००० घरं मिळाली, मोठंच काम झालं. पण ती मालकीची. एकोणीस वर्षांच्या पोराला आज रात्रीपुरती भाड्याची कॉट हवी असते. घरमालक डिपॉझिट मागतो, आधारवरचा पत्ता मागतो, ओळखीचं माणूस मागतो. बालगृहातून १८ पूर्ण होऊन बाहेर पडलेल्याने हे आणायचं कुठून? बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे अशांना २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सुटल्यानंतरची, मदत आहे, पण भाडेकरारावर जामीन राहायला कुणी नसतं. ११ महिन्यांच्या करारावर तुमची सही आणि डिपॉझिट, बस्स. डिपॉझिट तर परतही येतं.

काम आणि खोली दोन्ही जमत असेल तर उत्तमच, फक्त एकाची गाठ दुसऱ्याला मारू नका. कारखान्याच्या माळ्यावर झोपायची सोय स्वस्त पडते खरी. पण काम सुटलं की त्याच दिवशी छप्पर जातं, आणि छपराच्या भीतीने पोरगं पगाराबद्दल तोंड उघडत नाही. शिवाय मे २०२५ ची आग आठवा: अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यात आतच राहणाऱ्या मालकाच्या कुटुंबासह आठ जीव गेले. खोली बाहेरच हवी, करार मुलाच्या नावाने हवा आणि काम सुटलं तरी किमान दोन-तीन महिने ती टिकायला हवी.

मुलं शोधायला स्टेशनवर फिरायची गरज नाही. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. मात्र समोर आलेलं मूल १८ च्या आतलं वाटलं तर ना काम, ना खोली. आधी १०९८ ला फोन.