हॉपची टर्पीनं म्हणून तेल गळ्यात मारलं

घरी बिअर करणाऱ्या इथल्या मराठी मंडळींसाठी मुद्दाम लिहितोय. ('इथल्या' म्हणजे अमेरिकेतल्या. महाराष्ट्रात विनापरवाना दारू गाळणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, तिथे हा उद्योग नको.) ऑनलाइन 'शंभर टक्के शुद्ध, वनस्पतीजन्य, फूड ग्रेड' म्हणून टर्पीनच्या इवल्याशा बाटल्या विकतात. त्यातल्या एका विक्रेत्याने मला व्यवस्थित चुना लावला.

हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेल, आणि टर्पीनं म्हणजे तिच्या फुलाला वास देणारी द्रव्यं: मर्सीन, ह्युम्युलीन, कॅरियोफिलीन, थोडं लिनालूल. लिनालूल आपल्या धन्यातही असतं. पाच गॅलनच्या, म्हणजे साधारण १९ लिटरच्या बॅचला काही थेंब पुरतात. ड्राय हॉपिंगमध्ये, म्हणजे वासासाठी हॉप थेट बिअरमध्ये भिजवण्यात, हॉपचा चोथा बरीच बिअर पिऊन टाकतो, तेही वाचतं. ओरेगनात राहून, हॉपची शेतं जवळ असताना, बाटलीतला वास कशाला, असं मित्र म्हणाला होता. पण कल्पनेत खोट नव्हती, खोट मालात होती.

३० मिलीचे ३८ डॉलर. सोबत लॅबचा रिपोर्ट, आलेख, सही-शिक्का, सगळा थाट. कडक स्पिरिटमध्ये मिसळून थेंब केगमध्ये (बिअरच्या पिंपात) घातले. पहिला ग्लास ओतला तर फेस वर येता येताच बसला आणि कडेने तेलाची तवंगासारखी रेघ. वास फरशी पुसायच्या औषधाचा.

विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं: "तुम्ही जास्त घातलंत, आणि बाटली उघडल्यावर परत घेत नाही." जास्त टर्पीनांनीही फेस बसतो, म्हणून मी उरलेला माल तपासला. सिरिंजने मोजून १० मिली काट्यावर ठेवले: ९.३ ग्रॅम. हॉपची टर्पीनं हलकी, तेवढ्याच मापाला ८ ते ९ ग्रॅम भरतात. खोबऱ्यापासून काढतात ते एमसीटी तेल मात्र साडेनऊच्या आसपास. मग एक थेंब कॉफी फिल्टरच्या कागदावर टाकला. टर्पीनं उडून जातात, जड असली तर वेळ घेतात एवढंच. दुसऱ्या दिवशी वास गेला होता आणि डाग वडापावच्या कागदासारखा तस्साच पारदर्शक. जास्त घातलं की काय घातलं, हे त्या कागदाने सांगितलं.

मग रिपोर्ट नीट वाचला. आलेखातलं सगळ्यात उंच टोक लिनालिल अ‍ॅसिटेटचं, त्याखालोखाल लिनालूल. ही तर लव्हेंडरच्या तेलाची ओळख! मर्सीन जवळजवळ नाहीच, आणि मर्सीनशिवाय हॉपचं तेल म्हणजे हिंगाशिवाय फोडणी नव्हे, फोडणीच नाही. त्याच विक्रेत्याच्या आंबा, पाइन, ग्रेपफ्रूट या सगळ्या बाटल्यांना हाच रिपोर्ट, नंबरासकट. लॅबला फोन केला तर या नावाचा ग्राहक आमच्याकडे कधीच नव्हता, म्हणाले. बाटलीवर बॅच नंबर नव्हता, पण तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'फक्त सुगंधासाठी, पोटात घेऊ नये' हे होतं. जाहिरातीत फूड ग्रेड!

'वनस्पतीजन्य' हा दावा शोभेचा नसतो. २०१८ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने, खाद्यपदार्थांत कृत्रिम मर्सीन वापरायची परवानगी काढून घेतली, वनस्पतीतून काढलेलं अजून चालतं. म्हणून खोटं लिहिणाऱ्याची मला जास्त चीड येते. आणि पातळ करायला नेमकं काय घातलंय ते कोण सांगणार? २०१९ मध्ये इथे व्हेपिंगने फुफ्फुसं निकामी होण्याची साथ आली, तेव्हा भेसळीतलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट सापडलं होतं. ते श्वासातून गेलं, हे पोटात जाणार होतं, पण भेसळीची रीत तीच. अख्खा केग मोरीत ओतला.

क्रेडिट कार्डाने पैसे भरले होते म्हणून 'वर्णनाप्रमाणे माल नाही' अशी तक्रार बँकेकडे करता आली. काट्याचा आणि कागदाचा फोटो, बाटलीवरची ती बारीक अक्षरं आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडला. ३८ डॉलर परत मिळाले, माल्ट आणि यीस्टचे गेले ते गेलेच. जाहिरातीचा स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा, कारण तक्रार होताच ती जाहिरात गायब झाली. आता तोच फोटो, तोच रिपोर्ट दुसऱ्या नावाने पुन्हा विक्रीला आहे. हॉपच्या टर्पीनांच्या नावाखाली लव्हेंडरचा आलेख दिसला, तर तो हाच माणूस.