फर्ग्युसनचं बीए, वकिलीच्या चष्म्यातून : पाचपैकी चार

कायदाच करायचाय तर आधी साधं बीए कशाला, यावरून आमच्या घरी बरंच रामायण झालं होतं. मुलीला साताऱ्याहून पुण्याला ठेवायचं आणि तेही 'नुसत्या आर्ट्‌स'ला, म्हणून काकांनी नाक मुरडलं. मी फर्ग्युसनला राज्यशास्त्र घेऊन बीए केलं, पुढे पुण्यातच एलएलबी केलं आणि सध्या साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात एका सरांकडे ज्युनिअर आहे. त्यामुळे टेकडी, फेस्ट आणि एफसी रोडवरची खादाडी यांचं कौतुक दुसरीकडे वाचा. वकिलीला त्या तीन वर्षांतलं काय कामी आलं, एवढंच इथे सांगते.

आधी हिशेब. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या एलएलबीची मेरिट लिस्ट लागते ती सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि एससी-एसटींना ४० टक्के लागतात. तो उंबरठा ओलांडला की तुम्हाला बीएला साठ पडले की ऐंशी, हे कॅप राउंडमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या केंद्रीय फेरीत, कोणी विचारत नाही. फार तर दोघांचे सीईटीचे गुण सारखे आले तर ते बघतात. म्हणजे सढळ हाताने मार्क वाटणारं कॉलेज शोधत फिरायचं कारणच उरत नाही. आता सीईटीचा पेपर बघा. १२० गुण, दोन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यात इंग्रजीला ४०, सामान्य ज्ञानाला ३२, उरलेले कायद्याची समज आणि तर्क यांना प्रत्येकी २४. निम्म्याहून जास्त पेपर हा वाचायच्या सवयीचाच आहे, आणि ती सवय क्रॅश कोर्समध्ये लागत नाही. एका क्लासने माझ्याकडून भरमसाठ फी घेऊन मागच्या वर्षीच्या चालू घडामोडींच्या झेरॉक्स दिल्या होत्या. त्यावर जास्त बोलत नाही.

फर्ग्युसनला माझे चार तारे आहेत ते या सवयीसाठी. मी मराठी माध्यमातून आलेली, इंग्रजीत परिच्छेद लिहायचा म्हटलं की घाम फुटायचा. संविधानाच्या पेपरला मी एक ट्युटोरियल लिहून दिलं. सुरुवातच अशी होती की, भारतात अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. मॅडमनी वाक्याखाली लाल रेघ मारली आणि समासात तीनच शब्द लिहिले: कुठे, कोणाला, कुठपर्यंत? मग शोधाशोध. कुठे, तर कलम १९ च्या पहिल्या खंडात. कोणाला, तर फक्त नागरिकांना. परदेशी माणसाला कलम २१, म्हणजे जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क मिळतो, १९ नाही. कुठपर्यंत, तर दुसऱ्या खंडातल्या वाजवी निर्बंधांपर्यंत. आणि त्या निर्बंधांत 'वाजवी' हा शब्द १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला, हे कळल्यावर कॉलेजच्या वाडिया लायब्ररीत बसून संसदेतल्या त्या वेळच्या चर्चा काढून वाचल्या. आज दाव्याचा मसुदा घेऊन सरांपुढे उभी राहिले की ते वेगळं काही विचारत नाहीत. कोणता हक्क, कोणाविरुद्ध, कुठल्या कागदावरून?

दुसरा फायदा जागेचा. आयएलएस लॉ कॉलेज तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बीएला असतानाच तिथल्या सीनिअर मुलांशी ओळखी झाल्या आणि लॉ म्हणजे काळा कोट आणि टीव्हीवरची डायलॉगबाजी नव्हे, हे वेळेवर समजलं.

विषय कोणता घ्यावा, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. राज्यशास्त्रच हवं असं काही नाही. आमच्या साताऱ्यात जन्मलेले गजेंद्रगडकर १९६४ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. ते मूळचे संस्कृतचे, डेक्कन कॉलेजातून एमए करून मग आयएलएसला गेलेले. टिळकांचं बीए गणितात होतं. बाबासाहेबांनी एल्फिन्स्टनमधून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेतलं होतं. माझं मत विचाराल तर जोडीला अर्थशास्त्र ठेवा. ताळेबंद वाचता येत नाही म्हणून चेक बाउन्सच्या केसमध्ये अडखळणारे वकील मी रोज बघते.

एक तारा का कापला? तर हा दोष फर्ग्युसनचा नाही, कुठल्याही बीएचाच आहे. फेरफार, सातबारा, वाटणीपत्र यातलं काहीही तिथे कानावर पडत नाही, आणि तालुक्याच्या कोर्टात तर दिवसभर तेच चालतं. शिवाय खालच्या कोर्टांची भाषा मराठी, हायकोर्टाची इंग्रजी. दोन्ही हाताशी हव्यात, म्हणून इंग्रजीच्या नादात मराठी लिहिणं सोडू नका.

आता कोणी या वाटेला जाऊ नये, तेही सांगते. बारावीलाच पक्कं ठरलंय, घरून पैशांची ओढाताण आहे, त्यांनी सरळ बारावीनंतरचा पाच वर्षांचा लॉचा कोर्स करावा. एक वर्ष वाचतं. जज व्हायचं असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेआधी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. म्हणजे बीए, एलएलबी आणि प्रॅक्टिस धरून बारावीनंतर नऊ वर्षं, पाच वर्षांच्या कोर्सने आठ. पण अठराव्या वर्षी 'बघू, जमलं तर लॉ' एवढंच ठरलेलं असेल, तर बीए चांगलं. मन बदललं तरी पदवी हातात राहते. माझ्या वर्गातल्या निम्म्या लॉवाल्या मुली शेवटी यूपीएससी नाहीतर पत्रकारितेकडे वळल्या.

नव्या शैक्षणिक धोरणात चौथं ऑनर्स वर्ष आलंय, त्याचा मोह धरू नका. तीन वर्षांच्या पदवीवर एलएलबीला प्रवेश मिळतो. सीईटी तिसऱ्या वर्षात असतानाच देता येते, फक्त प्रवेशाच्या वेळी निकाल हातात हवा. सीईटी आणि कॉलेज सुरू होणं यांच्यामध्ये जे महिने मिळतात, त्यात गावाकडच्या एखाद्या वकिलाच्या ऑफिसात जाऊन फायली लावा. चहाचे पैसे तेच देतात.