मिसळीच्या दुकानाचा बोर्ड: तयार फॉन्ट, फोडलेला फॉन्ट की हाताने काढलेली अक्षरं?

मावसभावाने मिसळीचं दुकान काढलं आणि बोर्ड, मेनूकार्ड, इन्स्टाच्या पोस्टी हे सगळं अर्थातच माझ्या गळ्यात पडलं, "तुला येतं ना ते, कर की तासाभरात". तास कसला, तीन आठवडे गेले. पण तेवढ्यात तिन्ही रस्ते चालून बघितले, त्यामुळे तुम्ही आत्ता मराठी पोस्टर नाहीतर बोर्ड घेऊन बसला असाल आणि कशाने करू म्हणून अडला असाल तर माझे तीन आठवडे तुमच्या कामी येऊ देत.

आधी एक करा. फॉन्ट निवडताना 'नमस्कार' लिहून बघू नका, त्यात सगळेच देखणे दिसतात. तुमच्या मजकुरातला सगळ्यात भांडखोर शब्द शोधा. माझा होता 'तर्री'. दुसरी वेलांटी आणि रफार दोघंही त्या एका री च्या डोक्यावर, जागेसाठी नुसती मारामारी, आणि अक्षर जितकं जाड तितकी ती वाढते. तुमच्याकडे 'दुसऱ्या', 'तऱ्हा' असा ऱ्य-ऱ्ह वाला शब्द असेल तर तो टाका, 'ॲ' असेल तर तोही, जुन्या फॉन्टात त्याच्या जागी चौकोन उमटतो.

तयार फॉन्ट हा सोपा रस्ता, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वी होता त्याच्यापेक्षा आता खूपच चांगला. गूगल फॉन्ट्सवर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे मुक्त, बलू, मोदक फुकट पडलेत, धंद्यासाठी वापरले तरी चालतात. मोदक नावासारखाच, इतका गुबगुबीत की अक्षराच्या पोटातली पोकळी एका रेघेएवढी उरते. दहा फुटी बोर्डावर झकास, इन्स्टाच्या छोट्या चौकोनात 'झणझणीत' म्हणजे काळा ठिपका. बलू जाड असून मोकळा आहे आणि त्यात पाच वजनं, म्हणजे बारीक-जाड असे पाच प्रकार, मिळतात, त्यामुळे हेडिंग-सबहेडिंग एकाच घरात भागतं (आपल्याकडे कॅपिटल लेटर नाहीत, उतरंड दाखवायची तर साइज, वजन, नाहीतर रंग एवढंच हातात). यात्रा वन हा मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला, कट ब्रशचा तिरपा फटका त्यात दिसतो, त्यातली इंग्रजी अक्षरंही तशीच तिरकी आहेत म्हणून दोन्ही लिप्यांचा बोर्ड असेल तर छान जमतो. पण वजन एकच. अरुंद जागेत लांब नाव कोंबायचं असेल तर टेको. मेनूकार्डाच्या बारीक मजकुराला डोळे झाकून मुक्त घ्या, सात वजनं आहेत आणि कुठे नडत नाही.

ल आणि श चा घोळ मात्र तपासाच. बऱ्याच फॉन्टांत आधी हिंदी वळणाचे ल-श येतात, आपल्या शाळेतला पाकळीचा ल आत कुठेतरी दडलेला असतो आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की बाहेर येतो, फॉन्टात तशी सोय केलेली असेल तर. ही कटकटच नको असेल तर टिरो देवनागरी मराठी, त्यात मराठी वळणं आधीपासूनच आहेत. पण तो पुस्तकी चेहऱ्याचा, मिसळीला अगदीच सोवळा वाटला मला.

फॉन्टची खरी अडचण आमच्या 'झणझणीत'मध्ये कळली. त्यात 'झण' दोनदा येतं आणि फॉन्ट दोन्ही झण तंतोतंत सारखे छापतो, म्हणजे तिखट लागल्यावर माणूस जो दुसऱ्यांदा जास्त जोरात ओरडतो ते यात कुठून येणार.

म्हणून दुसरा रस्ता, फॉन्ट फोडणे. इलस्ट्रेटरमध्ये शब्द टाइप करायचा, आउटलाइन करायचा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करायचे, आणि मग अक्षरांना हात घालायचा. इथे पहिल्याच मिनिटाला एक गोष्ट दिसेल: शब्दाला बाहेरून पांढरी किनार दिली की शिरोरेषेत प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर उभी चीर उमटते, कारण फॉन्टातली अक्षरं एकमेकांवर थोडी चढलेली असतात आणि किनार प्रत्येकाला वेगळी लागते. पाथफाइंडरमधून युनाइट मारा, शिरोरेषा एकसंध होते. मग मजा सुरू. मी बलूच्या 'तर्री'ची वेलांटी ओढून मागे त च्या डोक्यावरून नेली, रफार उचलून थोडा बाजूला बसवला, भांडण मिटलं. दुसरा झण मोठा करून जरा खाली सरकवला.

तोटा काय, तर आउटलाइन केल्यावर तो मजकूर राहत नाही, चित्र होतं. मी सगळं सजवून झाल्यावर भावाच्या बायकोने शांतपणे विचारलं, "भावजी, झणझणीतचा णी दीर्घ ना?" मी ऱ्हस्व केला होता. सगळं परत. त्यामुळे मूळ टाइप केलेली कॉपी बाजूच्या लेयरवर ठेवाच. पण फ्लेक्सवाल्याला फाइल मात्र आउटलाइन केलेलीच द्या, आमच्या पहिल्या प्रिंटला मी ती दिली नव्हती, त्याच्या मशीनवर फॉन्ट नव्हता, आणि वेलांट्या सुटून पडलेला बोर्ड छापून आला.

तिसरा रस्ता हाताने. कट निब, बोरू, ब्रश, जे हाताला बसेल ते. कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची टायटलं आठवून बघा, नाटक विनोदी आहे की गंभीर हे अक्षरांवरूनच समजायचं, असलं काम कुठल्याच फॉन्टच्या यादीत सापडत नाही. मी ब्रशने 'तर्री' साधारण साठ वेळा लिहिलं, त्यातले चार बरे होते आणि एकात र च्या खाली रंगाचा ओघळ आला होता, तोच घेतला. सहाशे डीपीआयला स्कॅन, मग इलस्ट्रेटरमध्ये ट्रेस करून त्याचा आकार, मग कडा थोड्या साफ. फार साफ केल्या की परत फॉन्टसारखं दिसायला लागतं, तिथे हात आवरा. तोटे उघड आहेत: वेळ लागतो, हात बसलेला हवा, आणि उद्या भाऊ म्हणाला 'झणझणीत'च्या जागी 'अस्सल' कर तर पहिल्यापासून सगळं. हात नसेल तर सुलेखनकाराला पैसे द्या, पण शब्द पक्का ठरल्यावरच.

आता मांडणीचे प्रयोग, कारण तिन्ही रस्त्यांतला फरक खरा तिथे दिसतो. इंग्रजी पोस्टरात अक्षरं लांब लांब फाकवून स्टायलिश करतात ना, तयार देवनागरी फॉन्टला तसं ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेषा तुटून दात पडल्यासारखं दिसतं. फोडलेल्या शब्दात मधे पट्टी जोडून ती सांधता येते, हाताने लिहिताना तर प्रश्नच येत नाही, रेघ लांब ओढायची. वळणावर मजकूर चढवायचा असला तरी तेच, वळण सौम्य ठेवा, नाहीतर रेघेचे तुकडे होतात. उभं लिहायचं तर अक्षरं सुटी करा पण काना-मात्रा अक्षरापासून तोडू नका, मि एकत्रच राहिला पाहिजे.

आणि शिरोरेषा काढूनच टाकायची मॉडर्न आयडिया सगळ्यांना एकदा येतेच, मलाही आली. दोन शब्दांच्या लोगोत चालून जातं. मेनूत नको, कारण भ-म आणि ध-घ वेगळे ओळखू येतात ते बरेचसे त्या रेघेच्या तुटण्यामुळे, रेघ गेली आणि आमच्या कांदाभजीची 'कांदामजी' झाली.

फोटोशॉप वापरत असाल तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते आणि तुम्ही उगाच फॉन्टला शिव्या देता. बोर्डाचं अजून एक, २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही, आणि एकाच पॉइंट साइजला दोन्ही लिप्या डोळ्याला सारख्या दिसतीलच असं नाही. पट्टी लावून मोजा.

मग घ्यायचं काय? मजकूर दर आठवड्याला बदलणार असेल (भाव, ऑफर, पोस्टी) तर तयार फॉन्ट, उगाच कलाकारी नको. शब्द दोन-चार, ठरलेले, पण वेळ एका संध्याकाळचाच असेल तर फोडलेला फॉन्ट, आणि बहुतेकांना मी हाच सांगेन. पाच वर्षं तोच शब्द भिंतीवर राहणार असेल तर हाताने, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या.

आमच्याकडे शेवटी तिन्ही झालं. मेनू मुक्तमध्ये, 'झणझणीत' बलू फोडून, आणि 'तर्री' ब्रशचं, लाल रंगात, ओघळासकट. बोर्ड चढवायला आलेला माणूस शिडीवरून खाली वाकून विचारत होता, "शेठ, हा इथे डाग पडलाय, पुसू का?"