रंगाची वाफ टिपण्यासाठी करवंटीचा कोळसा की झिओलाइट?

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी रंगकामाच्या शेडमधून निघणारी टोल्यूइन, झायलीन या रंग पातळ करणाऱ्या द्रावकांची वाफ टिपण्यासाठी नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा (असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडलेला कोळसा) स्वस्त पडतो आणि त्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे १००० चौरस मीटर इतका अंतर्गत पृष्ठभाग सामावलेला असतो. मात्र गोव्याच्या पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली, की त्याच्या सूक्ष्म छिद्रांत पाणीच साचते आणि वाफेला फारशी जागा उरत नाही. शिवाय ॲसिटोनसारखी कीटोनवर्गीय द्रावके शोषताना कोळशाचा थर तापून पेट घेऊ शकतो. मला हा दोष सर्वांत गंभीर वाटतो. झिओलाइट म्हणजे सूक्ष्म छिद्रे असलेले खनिज; त्यातला सिलिकाचे प्रमाण जास्त असलेला प्रकार महाग असला, तरी तो पाण्याला दूर ठेवतो, जळत नाही आणि तापवून पुन्हा वापरता येतो. (साधा झिओलाइट मात्र आधी पाणीच ओढतो.) जून ते सप्टेंबर काम चालणार असेल, तर मी जास्त सिलिकाचा झिओलाइटच निवडेन.